बुकिंग पक्कं, पण खोली नाही! हिवरे बाजारच्या सहलीला निघण्याआधी ओव्हरबुकिंग समजून घ्या

सुट्ट्या लागल्या, ईद झाली किंवा लग्न-वलीमा आटोपला की आपल्या घरांमध्ये सहलीचा विषय निघतो. अलीकडे अनेक कुटुंबं मुलांना घेऊन हिवरे बाजारला जातात. अहिल्यानगर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं नगर, या शहरापासून सुमारे सोळा-सतरा किलोमीटरवर हे गाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मोडकळीला आलेलं हे गाव १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर पुन्हा उभं राहिलं. पवारांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. गावात एकच मुस्लिम कुटुंब, आणि त्या एका कुटुंबासाठी गावानं मशीद बांधून दिली, ही बातमीही अनेकदा छापून आली आहे. त्यामुळे आपल्या वाचकांना या गावाबद्दल वेगळीच ओढ आहे.

पण गाव पाहायला दिवस लागतो आणि मुक्काम बहुतेक जण नगर शहरातच करतात. तिथे भुईकोट किल्ला आहे, जिथे १९४२ ते १९४५ या काळात मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि इतर नेते कैदेत होते. डोंगरावरचा चांदबीबी महाल आहे, जो खरं तर सलाबत खानाचा मकबरा आहे. दमडी मशीद आहे, फराहबाग आहे. त्यातच शिर्डी आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांची गर्दी याच रस्त्यावरून जाते. सलग सुट्ट्या आल्या की नगरमधली हॉटेलं आणि लॉज भरून जातात. आणि मग काउंटरवर ते वाक्य ऐकायला मिळतं, ‘साहेब, तुमचं बुकिंग दिसतंय, पण रूम शिल्लक नाही.’

आमच्याकडे वाचक नेहमी विचारतात की अशा वेळी करायचं काय? पैसे भरले, मोबाइलवर ‘कन्फर्म’ आलं, तरी खोली नाही म्हणजे कसं? कायदा काही म्हणतो की नाही? म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडत आहोत.

असं होतंच का?

ओव्हरबुकिंग म्हणजे जेवढ्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त खोल्यांचं बुकिंग घेणं. याची कारणं तीन प्रकारची असतात आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं कारण हिशेबाचं. समजा एका हॉटेलात २० खोल्या आहेत. मालकाला अनुभव आहे की दर वीस बुकिंगमागे दोन जण येतच नाहीत किंवा ऐन वेळी रद्द करतात. म्हणून तो २२ बुकिंग घेतो. रोजच्या दिवशी हे जमून जातं. पण सलग सुट्टीच्या शनिवारी बावीसच्या बावीस पाहुणे हजर होतात आणि दोन कुटुंबं दारात उभी राहतात.

दुसरं कारण गोंधळाचं. लहान लॉजमध्ये एक वही असते, एक फोन असतो आणि दोन-तीन बुकिंग ॲप असतात. फोनवर खोली दिली, वहीत लिहिलं, पण ॲपवर ती बंद करायची राहिली. दुसऱ्या मिनिटाला तीच खोली ॲपवरून कोणीतरी घेतली. कधी आधीचा पाहुणा एक दिवस जास्त थांबतो, कधी बाथरूमचा नळ फुटतो आणि खोली वापरता येत नाही. यात कोणाची नियत वाईट असतेच असं नाही, पण भुर्दंड पाहुण्यालाच पडतो.

तिसरं कारण सरळ लालसेचं. तुम्ही महिनाभर आधी १,८०० रुपयांत खोली घेतली. सुट्टी जवळ आली, भाव चढला, किंवा वऱ्हाड आलं आणि दहा खोल्या एकदम मागितल्या. मग तुमचं स्वस्तातलं बुकिंग ‘सिस्टीमची चूक’ म्हणून बाजूला टाकलं जातं. हे मात्र व्यवहारात बसत नाही आणि कायद्यातही नाही.

आधी कोणाला बाहेर काढतात?

आपल्या कुटुंबांनी ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. खोल्या कमी पडल्या की मॅनेजर ज्यांना टाळणं सोपं त्यांना आधी टाळतो. रात्री उशिरा येणारा, एकच रात्र थांबणारा, पैसे न भरता ‘हॉटेलवर देऊ’ असं निवडलेला, सगळ्यात कमी दरात ॲपवरून आलेला आणि आधी एकदाही फोन न केलेला पाहुणा हा या यादीत वर असतो. नेहमीचा गिऱ्हाईक, तीन रात्री राहणारा आणि दुपारी दोनला बॅगा घेऊन हजर झालेला पाहुणा सहसा सुटतो.

म्हणजे निम्मा बचाव निघायच्या आधीच करता येतो.

निघण्याआधी

ॲपवर बुकिंग झालं की त्यावर विसंबून राहू नका. दोन दिवस आधी हॉटेलला थेट फोन करा. ‘आमच्या नावानं तुमच्या वहीत नोंद आहे का? तुमचा बुकिंग नंबर द्या,’ असं विचारा. ॲपचा नंबर वेगळा आणि हॉटेलची नोंद वेगळी. बऱ्याच वेळा घोळ इथेच सापडतो आणि तेव्हा दुसरी सोय करायला वेळ हातात असतो.

फोननंतर एक व्हॉट्सॲप मेसेज टाकून ठेवा. तारीख, खोल्या किती, मोठी माणसं किती, मुलं किती, ठरलेला दर आणि ‘आम्ही रात्री साडेनऊपर्यंत पोहोचू’ हे त्यात लिहा. समोरून ‘ओके’ आलं तरी तो पुरावा आहे. उशीर होणार असेल तर वाटेतून पुन्हा कळवा. पाहुणा आला नाही म्हणून खोली दुसऱ्याला दिली, ही सबब मग चालत नाही.

बुकिंग करतानाच खोलीचा फोटो, दर, रद्द करण्याच्या अटी आणि पैसे भरल्याची पावती यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान नंतर बदलू शकतं, तुमचा स्क्रीनशॉट बदलत नाही. सगळ्या मोठ्या माणसांचं ओळखपत्र सोबत ठेवा. ओळखपत्र नाही हे कारण हॉटेलला कधीच देऊ नका.

दादी, अम्मी, लहान बाळ किंवा गरोदर बहीण सोबत असेल तर शक्यतो दिवसाउजेडी पोहोचा. आधी हॉटेलात नोंद करा, बॅगा ठेवा, मग हिवरे बाजार पाहायला निघा. दिवसभर फिरून रात्री दहाला काउंटरवर उभं राहण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट आपल्यालाही लागू होते. काही जण ‘असू द्या’ म्हणून दोन-तीन हॉटेलांत बुकिंग करून ठेवतात आणि कुठलंच रद्द करत नाहीत. हॉटेलवाला जास्तीचं बुकिंग घेतो त्याला हेही एक कारण आहे. जायचं नसेल तर वेळेत रद्द करा.

काउंटरवर उभे असताना

आता समजा, सगळं करूनही खोली नाही असं सांगितलं. पहिली गोष्ट, आवाज चढवू नका आणि काउंटर सोडूही नका. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना लॉबीत बसवा, पाणी मागा.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुमच्या मोबाइलवरून बुकिंग रद्द करू नका. ‘तुम्हीच कॅन्सल करा, पैसे लगेच परत येतील,’ असं गोड बोलून सांगितलं जातं. तुम्ही बटण दाबलं की कागदावर दिसतं की पाहुण्यानं स्वतः बुकिंग सोडलं. मग ना पैशांवर हक्क सांगता येतो, ना नुकसानीवर. रद्द करायचं असेल तर हॉटेलनं किंवा ॲपनं करावं.

तिसरं, मॅनेजरकडे स्पष्ट मागण्या ठेवा:

– जवळच्या, याच दर्जाच्या किंवा वरच्या दर्जाच्या हॉटेलात खोलीची सोय तुम्ही करा.
– तिथला दर जास्त असेल तर फरक तुम्ही भरा.
– तिथपर्यंत जायचं रिक्षा-टॅक्सीचं भाडं तुम्ही द्या.
– खोली का देता येत नाही, हे कागदावर किंवा मेसेजवर लिहून द्या.
– आम्ही भरलेली रक्कम किती दिवसांत परत येईल, तेही लिहा.

मोठ्या हॉटेलांमध्ये पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवण्याची ही पद्धत जगभर आहे. लहान लॉजवाल्यानं ती ऐकलेली नसेल, पण शांतपणे मागितली तर बऱ्याचदा जमतं. तो दोन फोन करतो आणि ओळखीच्या लॉजमध्ये खोली निघते.

त्याच वेळी, काउंटरवर उभे असतानाच ॲपच्या ग्राहक सेवेला फोन लावा. तक्रारीचा नंबर घ्या, कोणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवा. घरी जाऊन केलेल्या तक्रारीपेक्षा जागेवरून केलेल्या तक्रारीला वजन असतं.

लिहून द्यायला कोणी तयार नसेल तर स्वतःच हॉटेलच्या नंबरवर मेसेज टाका: ‘आज रात्री ९.४० वाजता आम्ही तुमच्या हॉटेलात आलो. आमचं बुकिंग असूनही खोली शिल्लक नाही असं सांगण्यात आलं. आम्ही बुकिंग रद्द केलेलं नाही.’ एवढी तीन वाक्यं पुढे फार कामाला येतात.

रात्र झाली असेल, फक्त महिला असतील किंवा कोणी अंगावर येत असेल तर ११२ ला फोन करायला संकोच करू नका.

आधी छप्पर, मग भांडण

पर्यायी सोय होत नसेल तर स्वतः दुसरी खोली घ्या आणि प्रत्येक बिल जपून ठेवा. इथे एक कायदेशीर बारकावा आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागता येते, पण नुकसान कमी ठेवण्यासाठी आपण काय केलं हेही पाहिलं जातं. म्हणजे दोन हजारांची खोली गेली म्हणून दहा हजारांच्या हॉटेलात राहून सगळे पैसे मागितले, तर ते टिकणार नाही. साधारण त्याच दर्जाची, त्या रात्री मिळेल ती खोली घ्या.

हिशेब असा मांडा. पहिल्या हॉटेलला भरले २,५०० रुपये. दुसरी खोली मिळाली ३,८०० रुपयांना. रिक्षाला गेले ३०० रुपये. २,५०० रुपये परत मिळाले, तरी १,३०० रुपयांचा फरक आणि ३०० रुपये भाडं मिळून १,६०० रुपयांचं नुकसान उरतंच. ‘रिफंड दिला ना, मग विषय संपला,’ असं हॉटेल म्हणतं. तो संपलेला नसतो.

कायदा काय देतो?

विमानाच्या बाबतीत आपल्याकडे स्पष्ट नियम आहे. तिकीट पक्कं असून, वेळेत येऊनही प्रवाशाला जास्तीच्या बुकिंगमुळे चढू दिलं नाही, तर कंपनीनं आधी स्वेच्छेनं जागा सोडणारे प्रवासी शोधायचे असतात. तरीही कोणाला उतरवलं आणि एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते. २४ तासांच्या आतलं विमान दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये.

हॉटेलांसाठी असा ठरलेला तक्ता आपल्या देशात नाही. म्हणून हॉटेलवाले निवांत असतात. पण तक्ता नाही म्हणजे हक्क नाही असं नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात पैसे घेऊन ठरलेली सेवा न देणं म्हणजे ‘सेवेतील त्रुटी’. बुकिंग ॲपसुद्धा यातून सुटत नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. ॲप म्हणतं हॉटेलची चूक, हॉटेल म्हणतं ॲपची चूक. तुम्ही तक्रारीत दोघांचीही नावं घाला, ते आपसात ठरवतील.

पायऱ्या अशा आहेत. आधी हॉटेल आणि ॲप दोघांना ईमेलनं तक्रार पाठवा, रक्कम स्पष्ट लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं, फोनला पैसे लागत नाहीत आणि अनेक प्रकरणं इथेच मिटतात. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे.

आयोगाबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते, म्हणून चार गोष्टी सांगतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आणि पूर्वीसारखं जिथे हॉटेल आहे तिथेच जावं लागतं असंही राहिलं नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. म्हणजे नगरच्या हॉटेलनं पुण्यातल्या किंवा सोलापूरच्या कुटुंबाला बाहेर ठेवलं तर ते कुटुंब आपल्याच जिल्ह्यात दाद मागू शकतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करण्याचीही सोय आहे. निकालाला कायद्यानं सांगितलेल्या तीन महिन्यांपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, ही तयारी मात्र ठेवा.

‘फुल आहे’ हे कारण खोटं वाटलं तर

हा मुद्दा नाजूक आहे, पण आपल्या वाचकांपासून तो लपवून काय उपयोग? काही वेळा नाव ऐकल्यावर किंवा ओळखपत्र पाहिल्यावर खोली अचानक ‘फुल’ होते, असं वाचक सांगतात. प्रत्येक नकारामागे हेच कारण असतं असं आम्ही म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी खरोखर खोल्या नसतात आणि सगळ्याच समाजाची कुटुंबं रात्री फिरत असतात. संशयावरून भांडण उभं करू नये.

पण हक्क माहीत असावा. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं इथे प्रवेशाच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकावर बंधन घालता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. हॉटेल खासगी मालकीचं असलं तरी ही गोष्ट बदलत नाही. शंका आली तर त्याच वेळी ॲपवर त्या रात्रीची खोली विक्रीला दिसते का ते पाहा आणि वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. दुसऱ्या नंबरवरून कोणाला तरी चौकशी करायला सांगा. कोण काय बोललं ते लगेच लिहून ठेवा. पुरावा असेल तर तक्रारीत तो ठेवा. पुरावा नसेल तर सेवेतील त्रुटीची साधी तक्रारसुद्धा पुरेशी मजबूत असते.

उमराह आणि हजचं पॅकेज घेताना

सहलीत एक रात्र बिघडली तर दुसऱ्या दिवशी विसरता येतं. उमराहला आयुष्याची पुंजी लागलेली असते. तिथे ‘हरमपासून ३०० मीटर’ सांगून दीड किलोमीटरवर ठेवलं, तर गुडघेदुखीच्या अम्मीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून करारात हॉटेलचं नाव, अंतर, एका खोलीत किती जण आणि किती रात्री हे लिहून घ्या. ‘किंवा त्या दर्जाचं हॉटेल’ असे शब्द असतील तर त्यापुढे जास्तीत जास्त अंतर लिहायला लावा. रोख दिली तरी पावती घ्या. टूर चालवणारा इथला असेल तर त्याच्यावर इथल्याच ग्राहक आयोगात दाद मागता येते.

२०२५ च्या हजला काय झालं ते आठवा. खासगी टूरच्या कोट्यात ५२,५०७ जागा होत्या. त्यासाठी ८०० हून अधिक टूरवाल्यांचे २६ गट केले गेले होते. मिनामधली सोय, निवास आणि वाहतुकीचे करार सौदीच्या मुदतीत पूर्ण झाले नाहीत आणि नंतर फक्त १०,००० जणांसाठी पोर्टल पुन्हा उघडलं गेलं. हे ओव्हरबुकिंग नव्हतं, पण पैसे भरून बसलेल्या माणसाला धडा तोच मिळाला. टूरवाल्यानं ‘झालं’ म्हटलं तरी पुढचा करार खरोखर झाला का, हे विचारलं पाहिजे.

लॉज चालवणाऱ्या आपल्या भावांना

आपल्यातले अनेक जण लॉज, डॉर्मिटरी आणि टूरच्या धंद्यात आहेत. त्यांनी हिवरे बाजारकडून एक गोष्ट घ्यावी. हे गाव कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. तिथे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस मोजायचा, पाणी किती आहे ते पाहायचं, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी तर पीकही कमी. ऊस, केळीसारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावानं बंदी घातली, कारण जे पाणी नाही त्याचा वायदा करायचा नाही, हे गावानं ठरवलं.

खोल्यांचंही तसंच आहे. वीस असतील तर वीसच द्या. सगळी बुकिंग एकाच वहीत उतरवा, फोनवर खोली दिली की ॲपवर लगेच बंद करा. तरीही चूक झाली तर पाहुणा वाटेत असतानाच कळवा आणि दुसरी सोय करून ठेवा. घेतलेला ॲडव्हान्स ही अमानत आहे. एका रात्रीच्या जादा भाड्यासाठी ती मोडली, तर ते कुटुंब पुन्हा येत नाही आणि दहा घरांना सांगतं.

सहलीला जरूर जा, मुलांना हिवरे बाजार आणि नगरचा किल्ला दाखवा. फक्त निघण्याच्या दोन दिवस आधीचा तो एक फोन चुकवू नका आणि १९१५ हा नंबर मोबाइलमध्ये आत्ताच साठवून ठेवा.